पप्पनकलां ते कनॉट प्लेस : एका प्रवासाचा इतिहास

द्वारकेत राहणाऱ्या मराठी माणसाला कनॉट प्लेसला गेल्यावाचून गत्यंतर नसते. महाराष्ट्र परिचय केंद्र तिथे, बाबा खडक सिंह मार्गावर, राज्याराज्यांच्या एम्पोरियमच्या इमारतीत. कस्तुरबा गांधी मार्गावरचे नवे महाराष्ट्र सदन तिथून पायी जाण्याच्या टप्प्यात, आणि कोपर्निकस मार्गावरचे जुने सदन त्याच्या थोडे पलीकडे. पहाडगंजातले बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा हीही कनॉट प्लेसच्या कुशीतच. थोडक्यात सांगायचे तर दिल्लीतले जुने मराठीपण कनॉट प्लेसभोवतीच्या दोन-अडीच किलोमीटरच्या रिंगणात वसलेले आहे आणि आपण मात्र तिथून वीस-पंचवीस किलोमीटर दूर, विमानतळाच्या पलीकडे येऊन राहिलो आहोत.

हे अंतर कसे कापायचे हा आपल्यापैकी अनेकांच्या संसारातला रोजचा प्रश्न होता. आज मेट्रोत डुलकी काढत राजीव चौक गाठणाऱ्या तरुण मंडळींना त्याची कल्पना येणार नाही. म्हणून ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रवासाची हकीकत सांगावी असे वाटले.

आधी कनॉट प्लेसविषयी. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि लट्यन्स व बेकर ह्यांनी रायसीना टेकडीवर नवी दिल्ली आखायला घेतली. त्या नव्या शहराला बाजारपेठ हवी होती. माधोगंज, जयसिंहपुरा, राजा का बाजार अशी वस्ती जिथे होती आणि भोवती किकरीचे रान होते, तिथे ही गोल बाजारपेठ बांधायचे ठरले. सरकारी वास्तुकार रॉबर्ट टॉर रसेल ह्यांनी नकाशे केले. १९२९ साली काम सुरू झाले आणि १९३३ च्या सुमारास पुरे झाले. ड्यूक ऑफ कनॉट १९२१ साली दिल्लीला येऊन संसद भवनाची कोनशिला बसवून गेले होते, त्यांचे नाव ह्या गोलाला दिले. आतल्या गोलाचे राजीव चौक आणि बाहेरच्याचे इंदिरा चौक असे नामकरण १९९५ साली झाले. पण ते पाटीवरच राहिले होते. रीगल, प्लाझा, ओडियन आणि सी.पी. हीच नावे लोकांच्या तोंडी होती. ‘राजीव चौक’ लोकांच्या जिभेवर बसवला तो मेट्रोतल्या ध्वनिक्षेपकाने, सरकारी आदेशाने नव्हे.

त्याही आधीचा एक मराठी धागा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. २८ मार्च १७३७ रोजी थोरले बाजीराव मोगल फौजांना बगल देऊन अचानक दिल्लीच्या वेशीशी येऊन थडकले. जी चकमक झाली ती तालकटोरा आणि रकाबगंज ह्या भागात. म्हणजे आजच्या कनॉट प्लेसपासून हाकेच्या अंतरावर. शहर लुटायचे नाही, फक्त आपण दिल्लीपर्यंत येऊ शकतो हे बादशहाला दाखवायचे, असा त्यांचा बेत होता. चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही सारी हकीकत कळवली आहे. परत फिरताना त्यांनी रेवाडी-कोटपुतलीची बाजू धरली, म्हणजे साधारण आपल्या द्वारकेचीच दिशा. ते नेमके कोणत्या शेतातून गेले हे कोण सांगणार? पण नैर्ऋत्येकडून दिल्लीत शिरणे आणि नैर्ऋत्येकडे बाहेर पडणे ही वाट फार जुनी आहे, एवढे खरे. आपल्या शेजारचे नजफगढ ज्याच्या नावाने ओळखले जाते तो मिर्झा नजफखानही १७७२ साली शाह आलम बादशहाबरोबर दिल्लीत आला, तो महादजी शिंद्यांच्या पाठबळावर.

आता मुख्य विषय. दिल्लीत ट्राम होती हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९०८ साली ती सुरू झाली आणि १९६३ साली बंद पडली. चांदणी चौक, जामा मशीद, चावडी बाजार, सदर बाजार ह्या जुन्या शहरातच ती धावली. नव्या दिल्लीचा कारभार सायकली, टांगे आणि बस ह्यांवर चालला. बसचा परवाना ‘ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी’कडे होता. फाळणीनंतर दिल्लीची लोकसंख्या पाहता पाहता फुगली, निर्वासितांच्या वसाहती चहूबाजूंना उभ्या राहिल्या आणि ह्या कंपनीची सेवा अपुरी पडू लागली. तेव्हा मे १९४८ मध्ये केंद्र सरकारच्या वाहतूक मंत्रालयाने बससेवा स्वतःकडे घेतली आणि तिला ‘दिल्ली ट्रान्सपोर्ट सर्व्हिस’ असे नाव दिले. पुढे १९५० च्या कायद्याखाली प्राधिकरण झाले, १९५८ साली ती महापालिकेची डी.टी.यू. झाली आणि १९७१ साली आजची डी.टी.सी. अस्तित्वात आली. १९९६ साली डी.टी.सी. केंद्राकडून दिल्ली सरकारकडे गेली. पाट्या बदलत गेल्या, बसथांब्यावरची गर्दी मात्र होती तशीच राहिली.

त्या काळी सगळ्या बस कनॉट प्लेसकडे धाव घेत. रीगल, प्लाझा, सुपर बाजार, मद्रास होटल, सिंदिया हाऊस, शिवाजी स्टेडियम ही थांब्यांची नावे जुन्या दिल्लीकरांना पाढ्यांसारखी पाठ असत. कनॉट प्लेसहून लाल किल्ल्याकडे जायचे तर ‘फटफटी’ मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या हार्ले डेव्हिडसन मोटारसायकली घेऊन त्यांना मागे बाके जोडलेली ती वाहने होती. त्यांचा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नसे. १९९८ साली जुन्या व्यापारी वाहनांवर न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली आणि फटफट्या गेल्या.

मराठी कुटुंबे तेव्हा कुठे होती? करोल बाग आणि पहाडगंज ही जुनी ठिकाणे. सरकारी नोकरांची वस्ती लोदी कॉलनी, सरोजिनी नगर, लक्ष्मीबाई नगर, रामकृष्ण पुरम ह्या क्वार्टरांत. तिथून कनॉट प्लेस एका बसच्या अंतरावर होते. संध्याकाळी पहाडगंजात नाटक असले तर पाहून रात्री घरी परतता येई. पण क्वार्टर नोकरीपुरते. निवृत्तीच्या आधी स्वतःचे छप्पर शोधणे भाग असे, आणि मध्य दिल्लीत घर घेणे पगारदाराच्या आवाक्यात नव्हते.

इथे द्वारकेचा प्रवेश होतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डी.डी.ए.ने पालमच्या पश्चिमेला नवे उपनगर वसवायला घेतले. १९९० साली मंजूर झालेल्या दुसऱ्या मास्टर प्लॅनने शहराच्या विस्ताराची जी आखणी केली त्यात हे प्रकरण बसते. सुमारे साडेपाच हजार हेक्टर जमीन, २९ सेक्टर आणि दहा लाख माणसांची सोय असा तो आराखडा. पालम, बागडोला, पोचनपूर, ककरोला, अंबरहाई, मटियाला, धूलसिरस, भरथल अशी गावे आणि त्यांची शेते ह्यात आली. कागदोपत्री नाव होते पप्पनकलां. द्वारका हे नाव नंतर मिळाले. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांना मोठ्या प्रमाणावर भूखंड दिले गेले. कुणी बँकेच्या, कुणी मंत्रालयाच्या, कुणी लष्करातल्या सहकाऱ्यांच्या सोसायटीत नाव घातले, वर्षानुवर्षे हप्ते भरले आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात किल्ल्या हातात पडू लागल्या.

रस्ते मात्र उत्तम आखलेले. रुंद, झाडे लावलेले, नकाशावर पाहत राहावेत असे. पण त्यांवरून जाणारी बस नव्हती. घर आधी आणि वाहतूक मागाहून, ही आपल्याकडच्या नगररचनेची जुनी खोड. पाण्याचे टँकर आणि बस ह्या दोन गोष्टींची वाट पाहण्यात द्वारकेच्या पहिल्या रहिवाशांची उमेदीची वर्षे गेली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कनॉट प्लेसला जायचे तर तीन वाटा होत्या. पहिली पालममार्गे. पालमला रेल्वेचे फाटक. ते बंद असले की दोन्ही बाजूंना ट्रक, बस, ट्रॅक्टर, म्हशी अशी सारी सृष्टी तटून राही. ते पार करून धौला कुआं गाठायचे, तिथे बस बदलायची आणि सरदार पटेल मार्गाने शहरात शिरायचे. दुसरी वाट डाबरी मोड, पंखा रोड, जनकपुरीवरून किंवा द्वारका मोड, उत्तम नगरवरून नजफगढ रोडला लागायची. मग टिळक नगर, राजा गार्डन, मोती नगर करत, पटेल नगर आणि करोल बागेतून पंचकुइयां रोडने कनॉट प्लेस. दोन्हीकडून दीड-दोन तास ठरलेले. तिसरी वाट आगगाडीची, तिच्याकडे फारसे कुणी वळत नसे, पण तिचा इतिहास मोठा आहे.

पालमवरून जाणारी ती दिल्ली-रेवाडी लाईन. १८७३ साली दिल्लीहून रेवाडीपर्यंत, फर्रुखनगरच्या फाट्यासह, जो रेल्वेमार्ग सुरू झाला तो हिंदुस्थानातला पहिला मीटरगेज मार्ग. पुढे तोच राजपुतान्यातून थेट अहमदाबादपर्यंत गेला. सव्वाशे वर्षे आपल्या शेजारून छोट्या रुळांवरची गाडी धावली, आणि १९९० च्या दशकात तिचे ब्रॉडगेज झाले. पण ही गाडी सराय रोहिल्ला आणि जुन्या दिल्लीच्या सोयीची. सकाळी दहाला कनॉट प्लेसच्या कचेरीत हजर व्हायचे तर तिच्या वेळापत्रकावर भरवसा ठेवून चालण्यासारखे नव्हते.

मग उरले काय? चार्टर्ड बस! ह्या संस्थेवर खरे तर स्वतंत्र लेख व्हावा. खासगी मालकाची बस, महिन्याचे पैसे आगाऊ, जागा ठरलेली, सकाळी अमुक सोसायटीच्या फाटकाशी आणि संध्याकाळी अमुक भवनाच्या दाराशी. रोज तीच माणसे, तेच शेजारी. मागच्या बाकांवर पत्त्यांचा डाव, पुढच्या बाकांवर मटार सोलणे आणि विणकाम, कुठल्या बसमध्ये मंगळवारी भजन. लग्ने जमली, भिशी चालल्या, बदल्यांच्या बातम्या सर्वांत आधी इथे फुटल्या. सरकारी आणि बँकेतल्या मंडळींची चार्टर्डने मोठी सोय केली. पण ती फक्त ऑफिसच्या वेळेची. घरातल्या सासूबाईंना दुपारी कुठे जायचे असेल, मुलीला संध्याकाळचा क्लास असेल, तर चार्टर्डचा उपयोग शून्य.

त्यांच्या वाट्याला यायच्या त्या खासगी बस. १९९२ साली डी.टी.सी.च्या जोडीला खासगी मालकांना परवाने दिले गेले. त्या लाल रंगाच्या, म्हणून रेडलाईन. त्यांनी इतके अपघात केले की काही वर्षांतच त्यांचा रंग बदलून निळा करण्यात आला आणि त्या ब्लूलाईन झाल्या. रंगाने स्वभाव बदलत नाही. मालकाला रोजचा गल्ला हवा, म्हणून पुढच्या बसला मागे टाकण्याची शर्यत. थांब्यावर बस पुरती थांबायची नाही, चढणाऱ्याने पळत पळत दांडी पकडायची, कंडक्टर पत्र्यावर थाप मारून ‘चलो’ म्हणायचा. नुसत्या २००७ ह्या एका वर्षात ह्या बसनी शंभरावर बळी घेतले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘किलर लाईन’ म्हणायला सुरुवात केली होती. आपल्या घरची माणसे संध्याकाळी सुखरूप परत येईपर्यंत जिवाला घोर असे. मोबाईल तेव्हा सर्वांकडे नव्हते.

त्यात २००१-२००२ च्या सी.एन.जी.ची भर पडली. दिल्लीच्या हवेसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली आदेश दिला होता की मार्च २००१ पर्यंत सगळ्या बस सी.एन.जी.वर आणाव्यात. सरकारने तयारी केली नव्हती. मुदत आली तेव्हा हजारो बस रस्त्यावरून हटल्या, उरलेल्या पंपापुढच्या रांगेत रात्रभर उभ्या. एप्रिल २००२ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान उपटले आणि वर्षअखेरीपर्यंत डिझेलच्या शहर बस गेल्या. हवा सुधारली हे मान्य केले पाहिजे. पण त्या दीड-दोन वर्षांत जी माणसे थांब्यावर उभी राहिली त्यांत दूरवरच्या वसाहतींतली माणसे जास्त होती. मध्य दिल्लीतल्याला टांग टाकून सायकलने जाता येते, पंचवीस किलोमीटरवरच्या माणसाने काय करावे?

ह्याचा परिणाम फक्त नोकरीवर झाला असे नाही. पहाडगंजातल्या कार्यक्रमांना द्वारकेची मंडळी दिसेनाशी होऊ लागली. नाटक साडेनऊला संपले तर त्यानंतर धौला कुआंवर बस मिळेल की नाही ह्याची शाश्वती नव्हती, आणि रिक्षावाला मीटरवर यायला तयार नसे. मुलांना मराठी शाळेत घालण्याची इच्छा असूनही रोजचे चार तास त्यांच्या अंगावर कोण घालणार? मुले जवळच्या शाळेत गेली आणि मराठी घरात बोलण्यापुरती राहिली. द्वारकेत आपला स्वतःचा गणपती बसावा असे मंडळींना वाटू लागले त्यामागे भक्ती होती, हौस होती, तसा ह्या बसचाही हात होता, असे माझे स्पष्ट मत आहे. दर्शनाला करोल बागेत जाऊन यायला दिवस मोडायचा. गणपती इथेच आणणे सोपे होते.

मेट्रोची कथा त्यामानाने सर्वश्रुत आहे. दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनची नोंदणी मे १९९५ मध्ये झाली, बांधकामाला ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरुवात झाली आणि २४ डिसेंबर २००२ रोजी पंतप्रधान वाजपेयी ह्यांच्या हस्ते शाहदरा ते तीस हजारी हा पहिला टप्पा सुरू झाला. ह्या कामाचे धुरीण ई. श्रीधरन. दिल्लीला येण्यापूर्वी त्यांनी कोकण रेल्वे बांधली होती, हे मराठी माणसाला सांगायला नको. गणपतीला निजामुद्दीनहून रत्नागिरी-कुडाळकडे निघणाऱ्यांना ज्या माणसाने वाट करून दिली, त्याच माणसाने द्वारकेहून कनॉट प्लेसला जाणाऱ्यांनाही करून दिली. सह्याद्रीतले बोगदे आणि दिल्लीतले भुयार ही कामे निराळी, पण ठरल्या तारखेला काम संपवायचे ही सवय तीच.

३ जुलै २००५ पासून काश्मिरी गेट ते केंद्रीय सचिवालय हा भुयारी मार्ग प्रवाशांना खुला झाला आणि कनॉट प्लेसच्या बागेखालचे राजीव चौक स्थानक उघडले. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबर २००५ रोजी, बाराखंबा रोड ते द्वारका हा २२.८ किलोमीटरचा, २२ स्थानकांचा मार्ग सुरू झाला. त्याबरोबर मेट्रोचा पहिला ६५ किलोमीटरचा टप्पा पुरा झाला, तोही नियोजित मुदतीच्या जवळजवळ तीन वर्षे आधी. सरकारी कामात असे घडते ह्यावर विश्वास बसायला लोकांना काही दिवस लागले. १ एप्रिल २००६ रोजी गाडी सेक्टर ९ पर्यंत आली आणि ३० ऑक्टोबर २०१० रोजी सेक्टर २१ पर्यंत.

नकाशा काढून पाहिला तर गंमत दिसते. मेट्रो नवी, पण वाट जुनीच. द्वारका मोड, उत्तम नगर, टिळक नगर, मोती नगर, पटेल नगर, करोल बाग, पंचकुइयां रोड. ज्या नजफगढ रोडवर बस रखडत असे, जवळपास त्याच्याच डोक्यावरून खांबांवर गाडी धावू लागली. झंडेवालानच्या उंच हनुमंताला खिडकीतून नमस्कार करायचा, रामकृष्ण आश्रमाचे स्थानक गेले की गाडी जमिनीत शिरते आणि पुढचे स्थानक राजीव चौक. सेक्टर २१ पासून मोजले तर एकोणतिसावे. निळ्या बसच्या जागी निळी लाईन आली. नाव तेच, पण पहिलीने माणसे घाबरत आणि दुसरीत मुलगी एकटी असली तरी आईबाप निश्चिंत. २ ऑक्टोबर २०१० पासून पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव झाला, त्याचे महत्त्व पुरुषांना चटकन कळणार नाही. आपल्या कित्येक लेकी-सुनांनी कनॉट प्लेस, बाराखंबा, मंडी हाऊसकडच्या नोकऱ्या धरल्या आणि टिकवल्या त्या ह्यामुळे. डी.टी.सी.च्या बसमध्ये स्त्रियांना तिकीट माफ झाले ते ऑक्टोबर २०१९ पासून.

मेट्रोने सगळेच प्रश्न सोडवले असे मात्र नाही. स्थानके सेक्टर ९ ते १४ च्या कडेने गेली आहेत. सेक्टर ४, ६, ७, १९, २२, २३ मधल्यांना स्थानक गाठायचे तर सायकलरिक्षा, आणि पुढे ई-रिक्षा. ह्या ई-रिक्षा आधी कुठल्याच कायद्यात बसत नव्हत्या. ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली, २०१५ साली संसदेने कायदा दुरुस्त केल्यावर त्या रीतसर झाल्या. सत्तरी ओलांडलेल्यांची अडचण आणखी वेगळी आहे. राजीव चौकात गाडी बदलताना संध्याकाळी सहाला जो लोंढा येतो त्यात त्यांचा निभाव लागत नाही. म्हणून अनेक आजी-आजोबा रामकृष्ण आश्रम मार्गालाच उतरतात आणि पहाडगंजात रिक्षाने जातात. हा शहाणपणाचा मार्ग आहे, ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी लक्षात ठेवावा.

आता दुसऱ्या लाईनविषयी. २३ फेब्रुवारी २०११ रोजी नवी दिल्ली स्टेशन ते विमानतळ ते द्वारका सेक्टर २१ अशी एअरपोर्ट एक्स्प्रेस सुरू झाली. ती खासगी कंपनीकडे चालवायला दिली होती. जुलै २०१२ मध्ये पुलाखालच्या बेअरिंगांतले दोष उघडकीस आले आणि लाईन बंद ठेवावी लागली, ती जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा उघडली. त्याच वर्षी जुलैपासून दिल्ली मेट्रोने ती स्वतःकडे घेतली आणि भाडे टप्प्याटप्प्याने उतरवले. तोपर्यंत ती सूटकेसवाल्यांची गाडी होती. भाडे उतरल्यावर द्वारकेच्या नोकरदारांच्या लक्षात आले की जिथे निळ्या लाईनने तासभर जातो तिथे ही वीस-बावीस मिनिटांत पोचवते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी ती यशोभूमी, सेक्टर २५ पर्यंत वाढली आणि गाड्यांचा वेगही वाढवला गेला.

रुळांचे कुतूहल असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. निळी लाईन ब्रॉडगेज आहे आणि एअरपोर्ट लाईन स्टँडर्डगेज. सेक्टर २१ ला दोघी शेजारी येतात, पण एकीची गाडी दुसरीच्या रुळांवर कधीच जाऊ शकत नाही. पूर्वी पालमला मीटरगेज होतेच. म्हणजे दीडशे वर्षांत आपल्या ह्या टापूने रुळांची तीन मापे पाहिली.

ह्या लाईनवर नवी दिल्लीच्या अलीकडचे स्थानक शिवाजी स्टेडियम. हॉकीच्या मैदानावरून आणि जुन्या बस टर्मिनलवरून हे नाव आले आहे. स्थानकातून वर आले की समोर बाबा खडक सिंह मार्ग, एम्पोरियमची रांग आणि त्यातच आपले परिचय केंद्र. कनॉट प्लेसच्या आसपासची स्थानके वाचत गेले तर मराठी माणसाला परके वाटू नये. पूर्वीचा मिंटो ब्रिज तो शिवाजी ब्रिज, हार्डिंग ब्रिज तो टिळक ब्रिज. दोन्ही रेल्वे स्थानकांची नावे तीच आहेत. वाटेतले टिळक नगर लोकमान्यांच्या नावाचे. पावसाळ्यात मात्र शिवाजी ब्रिजखाली पाणी तुंबून बस अडकली की वर्तमानपत्रवाले हमखास ‘मिंटो ब्रिज’ असेच छापतात!

कोरोनाच्या साथीत २२ मार्च २०२० पासून मेट्रो बंद होती. निळी लाईन ९ सप्टेंबरला उघडली. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला आली, म्हणजे सबंध उत्सव मेट्रोविना गेला. पंधरा वर्षांनी पुन्हा एकदा द्वारका दिल्लीपासून तुटली होती. बरेच जण म्हणाले की जुने दिवस आठवले. फरक इतकाच की ह्या वेळी थांब्यावर उभे राहण्याचीही मुभा नव्हती.

आणि २०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत साहित्य संमेलन भरले होते. त्यानंतर ७१ वर्षांनी, २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ ह्या दिवसांत, ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तारा भवाळकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली तालकटोरा स्टेडियममध्ये झाले. १९५४ साली द्वारकेच्या जागी गव्हाची शेते होती. ह्या वेळी तिथून जाणाऱ्यांना सेक्टर २१ ला गाडीत बसून शिवाजी स्टेडियमला उतरता येत होते. तिथून तालकटोरा पुढचे दोन-तीन किलोमीटर, तेवढ्यासाठी मात्र ऑटोच करावी लागे, आणि ऑटोवाले तिथेही मीटरवर यायला तयार नव्हते.